मामाच्या पेटीतल्या जुन्या लेन्स नव्या मिररलेसवर कशा लावायच्या

परभणीत आमच्या मामाचा फोटो स्टुडिओ होता, आता त्या गाळ्यात मोबाईल रिपेअरिंग चालतंय. स्टुडिओ बंद केला तवा मामानं सगळं सामान एका लोखंडी पेटीत घालून माळ्यावर टाकलं आणि विसरून गेला. मी सेकंडहँड सोनी ए सेव्हन टू घेतला, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, बॉडीतच सगळे पैसे संपले, लेन्सला काही उरलं नाही, म्हणून पेटी खाली काढली. मामा दारातून बघत म्हणाला, "काय करायलास रे त्या डबड्यांचं?" त्या डबड्यांवर आता माझी अर्धी लग्नं निघतात. पण पहिले तीन महिने मी एवढ्या चुका केल्या, दोन अडॅप्टर फुकट घालवले, की आता कुणी नवीन पोरगं विचारायला आलं की मी त्याला आधी खाली बसवतो. रोज तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवायलो.

अडॅप्टरबद्दल लोकांच्या डोक्यात उगं काहीतरी मोठं मशीन असतंय. साधा अडॅप्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं नुसतं पोकळ कडं, आत काच नाही, वायर नाही, काही नाही. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा हलायचा, त्याला जागा लागायची, म्हणून लेन्स लांब बसवलेली असायची. निकॉनच्या एफ माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसायची जागा) ते अंतर ४६.५ मिमी, पेंटॅक्स के आणि एम ४२ चुडीवाल्याला ४५.४६, मिनोल्टाच्या जुन्या एमडीला ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीला ४२, नंतरच्या ईएफला ४४. मिररलेसमधून आरसाच काढून टाकला, त्यामुळं सोनी ई ला १८ मिमी, निकॉन झेड ला १६, कॅनन आरएफ ला २०, फुजी एक्स ला १७.७. मधला जो फरक उरला तो भरून काढणं एवढंच त्या कड्याचं काम. एफ ची लेन्स सोनीवर लावायची तर २८.५ मिमी जाडीचं कडं, झालं. म्हणूनच जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआरची, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्याची, लेन्स मिररलेसवर बसते. उलटं मात्र जमत नाही, मिररलेसची लेन्स जुन्या डीएसएलआरवर लावायची म्हणाल तर ते अंतर वजा कुठून करणार.

फोटो येतो का हा प्रश्न त्यामुळं नसतोच, फोटो येतोच. खरा प्रश्न एकच, आणि तो अडॅप्टर घ्यायच्या आधी विचारायचा: लेन्सच्या आतली पाती, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारे पत्रे, कोण मिटवणार? तुम्ही हातानं, कॅमेरा दांडीनं, का कॅमेरा करंटनं? नव्या माणसाच्या दहापैकी आठ तक्रारी इथंच अडकलेल्या असतात.

आधी लेन्सची पाठ बघा

मागचं झाकण काढा आणि लेन्स उजेडात धरा. मागं नुसत्या चुड्या असतील, बाटलीच्या तोंडासारख्या, तर बहुतेक एम ४२. झेनिट, जुने पेंटॅक्स, प्रॅक्टिका यांच्या लेन्स अशा यायच्या. इथं एक खड्डा आहे. टी माउंट नावाचा प्रकार दिसायला डिट्टो तसाच, व्यासही ४२ मिमीच, पण एम ४२ ची चुडी १ मिमीची आणि टी ची ०.७५. अर्धा फेरा बसते आणि मग जाम. जोर लावला तर दोन्हीच्या चुड्या खलास. हातानं लोण्यासारखी फिरली तरच तुमची, नाहीतर तिथंच थांबा. आणि स्टुडिओच्या सामानात ३९ मिमी चुडीच्या छोट्या लेन्स सापडल्या, फोकसची रिंगच नाही, तर त्या डार्करूममधल्या एन्लार्जरच्या. त्याही लागतात, पण फोकस करायला हेलिकॉइड नावाचं लांब-आखूड होणारं कडं लागतंय, पहिल्या महिन्यात त्या नादाला लागू नका.

चुडी नसेल आणि तीन कान असतील तर बायोनेट, म्हणजे थोडं फिरवून अडकणारा माउंट. मग समोरच्या रिंगवर कंपनीचं नाव वाचायचं. नाव बघूनही घोटाळा होतो, कारण कॅननचे एफडी आणि ईएफ हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. ईएफ १९८७ ला आला, त्याच्या पाठीवर सोनेरी टिपके असतात, एफडीच्या पाठीवर दांड्या असतात. टिपके म्हणजे करंट, दांड्या म्हणजे यांत्रिक, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरं.

आता अॅपर्चरची, म्हणजे त्या पात्यांच्या भोकाची, रिंग आहे का बघा. लेन्सवर १.८, २.८, ४, ५.६ असे आकडे लिहिलेली फिरती रिंग असेल तर तुमचं निम्मं काम झालं, पाती तुम्हीच हातानं मिटवणार. निकॉनच्या एआय, एआय-एस, एएफ-डी, मिनोल्टा एमडी, ऑलिंपस ओएम, याशिका, बहुतेक एम ४२, सगळ्यांना ती असते. एएफ-डी ला एक छोटं कुलूप असतंय, सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बहुतेक २२ वर, नेऊन लॉक केलेलं. ते काढा नाहीतर रिंग हलणार नाही आणि तुम्ही म्हणाल लेन्स जाम आहे. मामाची ५० एमएम १.८ डी मी दोन दिवस जाम समजून बाजूला ठेवलेली होती, मामानं येऊन नखानं टक् केलं आणि फिरवून दाखवली. काही बोलला नाही, नुसता बघितला माझ्याकडं.

रिंग नसेल तर थांबा. निकॉनची 'जी' (G) प्रकारची लेन्स असेल तर बाहेर काढल्यावर तिची पाती पूर्ण मिटलेली असतात, साध्या अडॅप्टरवर लावली तर व्ह्यूफाइंडरमध्ये सगळा अंधार. तिला असा अडॅप्टर लागतो ज्याच्यावर स्वतःची रिंग असते, ती आतली दांडी ढकलते. त्या रिंगवर आकडे नसतात, अंदाजपंचे चालवायचं. कॅनन ईएफ चं बरोबर उलटं, करंट नाही तर पाती पूर्ण उघडीच राहतात, १.८ ला घेतली तर कायम १.८. त्याला जुन्या लोकांची एक युक्ती आहे, लेन्स कॅननच्या बॉडीवर लावायची, एफ ८ सेट करायचं, डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच लेन्स काढायची, पाती ८ वरच थांबतात. गंमत म्हणून करून बघा, पण रोजच्या कामाला ईएफ साठी टिपकेवाला स्मार्ट अडॅप्टरच घ्या. कॅननची आरएफ बॉडी असेल तर कॅननचाच अडॅप्टर, ऑटोफोकसपासून सगळं चालतंय, त्यात काही शिकायसारखंच नाही. निकॉन झेडवाल्यांनी निकॉनचाच एफटीझेड अडॅप्टर घ्यायचा, पण ध्यानात ठेवा की त्याच्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळं स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स ऑटोफोकस करतात आणि बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या स्क्रूवाल्या डी लेन्स करत नाहीत. हे न बघता लोक डी लेन्स घेतात आणि मग अडॅप्टर खराब निघाला म्हणून भांडत बसतात.

एम ४२ मध्ये अजून एक नाटक आहे. काही लेन्सच्या मागं बारीक पिन असते, ती आत दाबली तरच पाती मिटतात. लेन्सवर ए आणि एम असं बटण असेल तर एम वर टाका, प्रश्न मिटला. बटण नसेल तर अडॅप्टर आतून ओठवाला घ्या, तो पिन दाबून धरतो. एफडीचं पण तसंच, अडॅप्टरवर ओपन आणि लॉक अशी रिंग असते, लेन्स लावून ती लॉककडं फिरवायची राहिली की अॅपर्चर फिरवा नाहीतर फिरवू नका, फोटो सारखाच.

लेन्स घ्यायची का ठेवायची

मोबाईलची टॉर्च लावा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून उजेड टाका आणि पुढून तिरपं बघा. धुळीचे कण दिसतील, आपल्याकडं धूळ नसलेली लेन्स म्हणजे कुणी वापरलेलीच नाही, धुळीनं फोटोत काही होत नाही. पांढरी जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा झाडाच्या मुळासारखी, ती बुरशी. कडेला थोडी असेल आणि लेन्स फुकटात असेल तर वापरा, मधोमध असेल तर विकत घेऊ नका, कोटिंग खाल्लेलं असलं की साफ करूनही डाग राहतोच. मराठवाडा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो पण पावसाळ्याचे दोन-तीन महिने चामड्याच्या कव्हरमध्ये बंद ठेवलेली लेन्स बुरशी धरतेच, चामडं ओल धरून ठेवतंय. कव्हर शोकेसला ठेवा, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

आपला खरा शत्रू उन्हाळा. मेमध्ये पत्र्याखाली पेटी तापते, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. पाती चकाकतात, ओली दिसतात. ज्या लेन्सची पाती कॅमेऱ्यानं झटक्यात मिटायची असतात तिथं हे वाईट, कारण तेलानं ती हळू मिटतात. पण तुम्ही हातानं रिंग फिरवणार असाल तर तेलकट पाती चालून जातात. घेताना भाव पाडायला मात्र तेल नक्की दाखवा.

अडॅप्टर आणि मकबऱ्याचा किस्सा

अडॅप्टर शोधताना नाव नीट वाचायचं, आधी लेन्सचा माउंट, मग बॉडीचा. उलटं वाचून घेतलेला माझ्याकडं एक पडलाय, पेपरवेट म्हणून वापरायलोय.

दुसरा किस्सा मोठा आहे. पेटीत एक हेलिओस ४४-२ होती, ५८ एमएम एफ २, रशियन, झेनिटबरोबर आलेली. तिच्यासाठी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त एम ४२ ते सोनी कडं मागवलं आणि संभाजीनगरला एका लग्नाच्या आदल्या दिवशी बीबी का मकबऱ्याला गेलो. दारातून समोर कारंज्यांची रांग आणि शेवटाला घुमट, सगळ्यांनी काढलेला फोटो. फोकस रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, टोकाला टेकवली. जवळचं कारंजं कडक आणि मिनार धुरकट. पुन्हा काढला, तसंच. मला वाटलं हवेत धूळ आहे. मग वाटलं लेन्स गेली. वैतागून एफ ८ केलं तर सगळंच कडक आलं, त्यानं अजूनच चक्रावलो.

परभणीला आल्यावर लेथवाल्या मित्राकडं कडं नेलं. त्यानं व्हर्नियरनं माउंटच्या तोंडापासून तोंडापर्यंत मोजलं, २७.६६. पाहिजे किती, ४५.४६ मधून १८ गेले, २७.४६. दोन दशांश मिलिमीटर जास्त, जाड कागद एवढं. पण ५८ ची लेन्स दोन दशांश पुढं सरकली की तिचा फोकस १७ मीटरच्या पुढं जातच नाही. ५० ची असेल तर साडेबारा मीटर. एफ ८ वर डेप्थ, म्हणजे कडक दिसणारं अंतर, वाढते म्हणून चूक झाकली जाते, उघड्या अॅपर्चरला उघडी पडते. म्हणून अडॅप्टर आला की पहिलं काम हे करायचं: गच्चीवर जा, लांबचा मोबाईल टॉवर धरा, अॅपर्चर पूर्ण उघडं, आणि रिंग टोकाला नेऊन झूम करून बघा. टॉवर कडक आला आणि टोकाच्या थोडं आधीच आला तर उत्तम. बहुतेक कंपन्या मुद्दाम कडं किंचित पातळ करतात, त्यामुळं रिंग इन्फिनिटीच्या थोडी पुढं जाते, त्याला दोष समजू नका, फक्त रिंगवरच्या मीटरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. टॉवर कडक येतच नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. मी मुदत घालवली. मग मित्रानं लेथवर एक घास काढून दिला, चहावर.

नवीन कड्याच्या चुडीत धातूचा बारीक भुगा असतो. कॅमेऱ्याला लावायच्या आधी ब्रश मारा, ब्लोअर मारा, ओल्या कपड्यानं पुसून वाळवा. तो भुगा सेन्सरवर गेला तर स्वस्त अडॅप्टर लई महागात पडतो.

लावायचं कसं

अडॅप्टर आधी लेन्सला, मग दोन्ही मिळून कॅमेऱ्याला. अडॅप्टर कॅमेऱ्यावर ठेवून लेन्स फिरवत बसलात की तेवढा वेळ सेन्सर उघडा. कॅमेरा बंद, तोंड खाली, पंखा बंद, आणि शेताच्या बांधावर तर अजिबात नाही, गाडीच्या आत बसून करा. चुडीवाली लेन्स बसल्यावर आकडे वर न येता बाजूला येत असतील तर कड्याला बाजूनं तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल करून आतली रिंग फिरवायची, आकडे वर आणायचे, पुन्हा आवळायचं. हे कुणी सांगत नाही आणि लोक वर्षभर मान वाकडी करून आकडे वाचतात.

लेन्स जड असेल, १३५ किंवा २०० ची, तर वजन डाव्या हातानं लेन्सखाली धरायचं, बॉडीला धरून लोंबकळू द्यायची नाही.

कॅमेरा चालू केला की म्हणेल लेन्सच नाही आणि बटण दाबूनही फोटो काढणार नाही. घाबरू नका, त्याला करंटवाली लेन्स दिसली नाही म्हणून. सोनी, कॅनन, फुजी, पॅनासोनिक सगळ्यांच्या मेनूत लेन्सशिवाय शटर सोडण्याचं सेटिंग असतंय, सोनीत रिलीज विदाऊट लेन्स, ते चालू करा. निकॉन झेडमध्ये नॉन-सीपीयू लेन्स डेटात लेन्सचे आकडे भरून ठेवा.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर त्याला फोकल लेन्थ, म्हणजे लेन्स किती एमएमची ते, हातानं सांगावी लागते. लेन्सवर लिहिलेला खरा आकडा सांगायचा, क्रॉपचा गुणाकार करून नाही. ५० ची लेन्स एपीएस-सी या लहान सेन्सरच्या (क्रॉप) बॉडीवर ७५ सारखी दिसते, कॅननच्या क्रॉपवर ८० सारखी, ते खरं, पण सेटिंगमध्ये ५० च. लेन्स बदलली आणि हा आकडा बदलायचा राहिला तर फोटो हलल्यासारखे येतात आणि आपण हाताला दोष देतो.

फोटो काढताना

अॅपर्चर प्रायॉरिटी चालते, कॅमेरा लेन्समधून येणारा उजेड मोजून शटर ठरवतो, स्क्रीनवर एफ च्या जागी दोन रेघा दिसतात, दिसू द्या. पण लेन्स किती एमएम आहे हे त्याला माहीत नसतंय, म्हणून अंधारात तो खुशाल शटर फार हळू ठेवतो. मी मॅन्युअलवर टाकतो, शटर १/२००, अॅपर्चर हातात, आयएसओ ऑटो. तुम्हीपण तसंच करा, निदान पहिले दोन महिने.

फोकसला दोन मदतनीस. पीकिंग, म्हणजे जिथं कडक आहे तिथं लाल कड दिसते, आणि मॅग्निफाय, म्हणजे तेवढा भाग मोठा करून बघायचा. पीकिंग थोडं लबाड आहे. पैठणीचा काठ, दाढीचे केस, गव्हाचं कुसळ असं काही समोर आलं की ते सगळंच लाल करून टाकतंय. मॅग्निफाय खरं बोलतं. ते हाताशी येईल अशा बटणावर लावून ठेवा, सोनीत कस्टम की मधून होतंय.

मला हे खरं हुरड्याच्या वेळी समजलं. जानेवारीत मामाच्या शेतात आगटी पेटवलेली, दिवस मावळायला आलेला, मामी गरम कणसं तळहातावर चोळून सुपात दाणे पाडत होती. ५० एमएम, १.८ वर. पीकिंग सांगत होतं हात लाल, सूप लाल, गोवऱ्याही लाल. दहा फोटो काढले, दहाही चुकले, फोकस दर वेळी बोटांच्या मागं सुपाच्या काठावर. मग मॅग्निफाय करून मामीच्या अंगठ्याच्या नखावर धरलं, तिथं कोंडा चिकटला होता, तो कोंडा दिसेपर्यंत रिंग फिरवली आणि मग रिंगला हातच लावला नाही, स्वतःच इंचभर पुढं-मागं झुललो आणि कडक दिसलं की दाबलं. जवळच्या फोटोला रिंगपेक्षा कंबर हलवणं सोपं पडतंय. त्यातला एक फोटो मामीनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

आगटी फ्रेममध्ये आली की जुन्या लेन्सचा अजून एक गुण कळतो. कोटिंग जुनं असल्यामुळं उजेड आतल्या आत फिरतो, सगळ्यावर दुधासारखा पडदा येतो. कुणाला तो आवडतो, मला आगटीला आवडला, नवरीच्या लाल शालूला नाही आवडला. नको असेल तर हूड लावा, नसेल तर डावा हात लेन्सच्या वर आडवा धरा. दिवसा दिवा फ्रेममध्ये नसतानाही असा धुरकटपणा येत असेल तर अडॅप्टरच्या आत बोट घालून बघा, आतली बाजू गुळगुळीत चकचकीत असली की उजेड तिथून उसळतो. काळं मखमल पातळ कापून आत चिकटवा. लग्नपत्रिकेवाल्याकडं मिळतंय.

उन्हात उलटी अडचण येते. १.८ वर पांढऱ्या कपड्याला, धोतराला, पागोट्याला जांभळी कड येते. एक-दोन घरं (स्टॉप) मिटवा, २.८ किंवा ४ वर या, जवळजवळ जाते. फोकस धरायचा तो पाती उघडी ठेवून, कारण तेव्हा तो नेमका दिसतो, आणि मग न बघता रिंगचे क्लिक मोजत मिटवायचं. बऱ्याच निकॉन लेन्सना पूर्ण स्टॉपला एक क्लिक, दुसऱ्या कंपन्यांच्या काहींना अर्ध्या-अर्ध्यालाही असतो, घरी बसून एकदा मोजून ठेवा. हेलिओस ४४-२ ला क्लिक मोजायची भानगडच नाही, तिला दोन रिंगा असतात, एकीवर किती मिटवायचं ते ठरवायचं आणि दुसरी सरळ फिरवली की उघडं, उलटी फिरवली की ठरवलेल्या ठिकाणी येऊन थांबतंय. पहिल्यांदा हे डोक्यातच शिरत नाही. सवय झाली की डोळा न काढता होतंय.

पळणारी पोरं, वरातीतला नाच, हळदीची झटापट यासाठी असल्या लेन्स घेऊ नका, मी घेतो आणि निम्मे फोटो टाकतो. नवरीची मेंदी, मंडपातला एखादा म्हातारा, रुखवत, देवघर, जिथं माणूस किंवा वस्तू दोन क्षण थांबणार आहे तिथं घ्या. लग्नात माझ्या एका खांद्याला ऑटोफोकसवाली बॉडी असतेच, पैसे देणाऱ्याला फोकस पाहिजे असतो, माझी हौस नाही.

फोटोत अॅपर्चरची नोंद होत नाही, नंतर आठवणार नाही कोणता कशावर काढला. शिकायच्या दिवसात प्रत्येक सेटच्या आधी हाताची बोटं दाखवून एक फोटो काढायचा, दोन बोटं म्हणजे दोन क्लिक मिटवलेत.

आणि अडॅप्टर प्रत्येक लेन्सला वेगळा घ्यायची ऐपत झाली की घ्या, एम ४२ ला तर घ्याच, दर वेळी चुडी फिरवत बसण्यात मुहूर्त निघून जातो. एकच असेल तर तो सगळ्यात जास्त वापरायच्या लेन्सवर कायम ठेवा आणि मागं बॉडीच्या माउंटचं, म्हणजे माझ्याकडं सोनी ई चं, लेन्सचं मागचं झाकण लावा, जुन्या लेन्सच्या माउंटचं नाही, ते बसणार नाही. माझी सहा झाकणं पेटीत होती तशीच पडून आहेत, मामा अधूनमधून विचारतो, फेकू का.